ताराबाई शिंदे : अद्भुत कादंबरीच्या बुलढाण्यातील एक वाचक

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाचा विचार करताना आपण सामान्यतः लेखकांची नावे घेतो. १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’, १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ हा क्रम विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. त्या कादंबऱ्या वाचणारे कोण होते आणि त्यांना त्या कशा वाटल्या, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत घटकात एका वाचकाचे चरित्र पाहावयाचे आहे. ताराबाई शिंदे यांना आपण ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधाच्या लेखिका म्हणून ओळखतो. त्या आपल्या काळातील लोकप्रिय ललित वाङ्मयाच्या चिकित्सक वाचकही होत्या, ही बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास वऱ्हाडातील बुलढाणा येथे झाला. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. तेथे कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांबरोबर लिहिता-वाचता येणारा एक नवा वर्ग उभा राहिला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे या वर्गातील. ते बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सुशिक्षित देशबांधवांना उद्देशून त्यांनी १८७१ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. पुढे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाशीही त्यांचा संबंध आला. चार भावांत ताराबाई ही एकच बहीण. बापूजींनी या मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. मराठा घराण्यातील मुलीच्या हाती त्या काळी पुस्तक येणे हीच मोठी गोष्ट होती. तीन भाषांतील पुस्तके येणे तर अपवादात्मकच. त्यांचा विवाह रीतीप्रमाणे लहान वयात झाला. पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरीच राहिले. अपत्य झाले नाही. त्यांच्या संसाराविषयी याहून अधिक माहिती फारशी मिळत नाही. मात्र सासुरवास वाट्याला न आल्याने वाचनाला अवकाश मिळाला, एवढा तर्क करण्यास हरकत नाही.

त्या काळी काय वाचावयास मिळत होते? पोथ्या-पुराणे होतीच. त्यांखेरीज ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांच्या वळणाच्या अद्भुत कादंबऱ्या होत्या. राजपुत्र आणि राजकन्या, कपटी दरबारी, वेषांतर, अपहरण, अंधारकोठडी, मेला असे समजलेला मनुष्य अकस्मात परत येणे, आकाशमार्गाने जाणारे विमान, ही या वाङ्मयाची सामग्री होती. पुढे काय होणार या उत्कंठेवर वाचकाला शेवटच्या पानापर्यंत ओढून नेणे हे तिचे मुख्य कसब होते. आज आपण ज्यांना भयकथा, गूढकथा, रहस्यकथा म्हणतो त्यांची मुळे शोधू लागले असता या पुस्तकांपर्यंत यावेच लागते.

या कादंबऱ्यांविषयी वाचकांत प्रारंभापासूनच दोन तट होते. एका बाजूस त्या आवडीने वाचणारा मोठा वर्ग होता. दुसऱ्या बाजूस इंग्रजी शिकलेले टीकाकार होते. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ या विषयावर जो निबंध वाचला, त्यात या पुस्तकांतील असंभाव्यतेवर कडक टीका केली. सगळे सद्गुण एकाच नायकाच्या ठायी आणि सगळे दुर्गुण एकाच खलपुरुषाच्या ठायी, असे जग कोठे असते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होय. या आक्षेपाचे उत्तर एका अर्थी आधीच दिले गेले होते. ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी मोकळेपणाने कबूल केले होते की, आपल्या समाजातील विवाहाच्या रीती आणि इतर काही कारणांमुळे आपल्या आयुष्यात चित्तवेधक असे ना दुर्गुण आढळतात ना सद्गुण. रोजच्या अनुभवातले लिहिले तर त्यात रंजक काही सापडणार नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो. ही प्रस्तावना विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. अद्भुत लिहिणारा लेखक भाबडा असतो, हा आपला समज तिने दूर होतो.

टीकाकार आणि लेखक यांचा हा वाद पुरुषांचा होता. पुस्तक खरे वाटते की खोटे, एवढ्या एकाच प्रश्नाभोवती तो फिरत राहिला. बुलढाण्याच्या घरात बसून हीच पुस्तके वाचणाऱ्या ताराबाईंना वेगळाच प्रश्न पडला. तो त्यांनी कशामुळे मांडला, हे आता पाहू.

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवेला पुनर्विवाहाची मुभा रूढीने नव्हती. तिला दिवस गेले, आणि लोकनिंदेच्या भयाने तिने जन्मलेल्या अर्भकाचा जीव घेतला. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. ‘पुणेवैभव’ या पत्राने या एका स्त्रीच्या अपराधावरून एकंदर स्त्रीजातीवरच ठपका ठेवला. ताराबाईंनी हे वाचले आणि उत्तर लिहावयास घेतले. ते उत्तर म्हणजे ‘स्त्रीपुरुषतुलना’. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे होती.

स्त्रियांच्या अंगी म्हणून जे दुर्गुण सांगितले जातात, ते एकेक घेऊन तेच पुरुषांच्या अंगी अधिक कसे आहेत, हे दाखविणे ही या निबंधाची रीत आहे. दोषांची यादी त्यांनी संस्कृतातील स्त्रीनिंदेच्या एका श्लोकातून घेतली. वडिलांनी शिकविलेले संस्कृत येथे असे उपयोगी पडले! पण केवळ श्लोक आणि पुराणे यांवर त्या थांबल्या नाहीत. ‘स्त्रीचरित्र’, ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशी त्या काळी लोकांच्या हातांत असलेली पुस्तकेही त्यांनी विचारात घेतली. ही पुस्तके पुरुषांनी लिहिली आहेत, आणि त्यांतील स्त्री ही त्यांना हवी तशी घडविलेली आहे, ही त्यांची भूमिका निबंधभर जाणवते.

त्यांच्या वाचनाची रीत समजण्यासाठी सावित्रीच्या कथेचे उदाहरण घेऊ. ही कथाही अद्भुतच. मृत्यूच्या देवाच्या मागोमाग जाऊन पतीचे प्राण परत आणणारी स्त्री तिच्यात आहे. असे घडू शकते काय, हा मराठ्यांच्या पद्धतीचा प्रश्न ताराबाई विचारीत नाहीत. कथा आहे तशी मान्य करून त्या फक्त भूमिका उलटवितात. पत्नीसाठी एवढे साहस करणारा पती कोणत्या पुराणात आहे, असे त्या विचारतात. म्हणजे अद्भुताला त्यांची हरकत नव्हती. त्या अद्भुतात कष्ट कोणाच्या वाट्याला येतात आणि दोष कोणाच्या माथी जातो, याकडे त्यांचे लक्ष होते. प्रस्तुत लेखकाच्या मते, संभाव्य-असंभाव्य या वादाहून हा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो एका वाचकाने, टीकेची कोणतीही परिभाषा हाताशी नसताना, उपस्थित केला.

येथे रिसबुडांची प्रस्तावना पुन्हा आठवावी. आपल्या विवाहरीतींमुळे आयुष्य निरस झाले आहे, असे ते म्हणत होते. ताराबाई त्याच रीतींचे वर्णन करतात, पण त्यांच्या वर्णनात निरसपणाचा लवलेश नाही. केशवपन, कोपऱ्यात कोंडलेली विधवा, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली पोर, लपविलेले गर्भारपण, फाशीचा हुकूम! अंधारकोठडी शोधण्यासाठी काल्पनिक राजवाड्यात जाण्याची गरजच नव्हती. ती माजघरात होती. तरीही अद्भुत कादंबरीच्या चाहत्यांची बाजू अगदीच टाकाऊ ठरत नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता आलेल्या मुलीला रानावनातून संकटे पार करीत जाणाऱ्या मुक्तामालेची कथा गोड वाटली असेल, तर तिला नावे कोण ठेवणार?

‘स्त्रीपुरुषतुलना’चे स्वागत मात्र कडवट झाले. भाषेचा तिखटपणा अनेकांना सोसला नाही. सत्यशोधक वर्तुळातूनही विरोधी सूर निघाला. तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उघडपणे पक्ष घेतला आणि टीकाकारांना फटकारले. त्या लेखात ताराबाईंचा उल्लेख त्यांनी वडीलकीच्या मायेने केला आहे. एवढा पाठिंबा मिळूनही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. ज्या बाईने पहिल्याच पुस्तकात इतके सांगितले, तिने पुढची सुमारे अठ्ठावीस वर्षे काही छापू नये, ही मराठी वाङ्मयाची हानी आहे.

त्याच काळात कादंबरीचे वळण बदलले. ताराबाईंच्या पुस्तकानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८८५ मध्ये, हरी नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ येऊ लागली. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील यमू केशवपनाच्या भयाखाली जगते, आणि वाचक पुढच्या अंकाची तितक्याच उत्कंठेने वाट पाहतो. हरिभाऊंनी ताराबाईंचे पुस्तक वाचले होते असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ज्या दैनंदिन आयुष्यात रंजक काही नाही असे रिसबुडांना वाटले, त्यातूनच मराठीतील श्रेष्ठ कादंबरी निघाली. अद्भुताचा प्रवाहही आटला नाही. गोविंद नारायणशास्त्री दातार, नाथमाधव, पुढे बाबूराव अर्नाळकर आणि नारायण धारप यांनी तो आपापल्या परीने वाहता ठेवला, आणि वाचकांतील दोन तटही तसेच राहिले.

ताराबाईंचे निधन १९१० च्या सुमारास झाले. तोवर त्यांचे पुस्तक विस्मरणात गेले होते. १९७५ मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केले. नव्वदच्या दशकात रोझालिंड ओ’हॅन्लन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि नऊ आण्यांचे ते पुस्तक बुलढाण्याचे नाव घेऊन परदेशातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत पोहोचले.