केल्व्हिनसाहेब, समुद्रातली केबल आणि आपला मेगर

इलेक्ट्रिकलच्या मशीन लॅबमध्ये कपाटाच्या खालच्या खणात एक काळी जड पेटी असते. बाजूला हँडल, वर काटा, आणि स्केलच्या एका टोकाला शून्य तर दुसऱ्या टोकाला इन्फिनिटी. हँडल फिरवायला सगळ्यांनाच मजा येते. पण ही पेटी नेमकं काय मोजते आणि का मोजायचं, हे व्हायवाला विचारलं की आपण छताकडे बघतो! मेगर हे नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर झालं १९०३ साली. पण इन्सुलेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये हा धडा त्याच्या कितीतरी आधी, अटलांटिक समुद्राच्या तळाशी, भरपूर पैसे बुडवून शिकला गेला. त्या धड्यातला मुख्य माणूस म्हणजे विल्यम थॉमसन, अर्थात लॉर्ड केल्व्हिन. आपण त्यांना थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात २७३ मिळवण्यापुरते ओळखतो. ही त्यांची दुसरी ओळख.

विल्यमचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमध्ये बेलफास्टला झाला. वडील गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांना ग्लासगो विद्यापीठात प्रोफेसरची जागा मिळाली आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं. वयाच्या दहाव्या वर्षी विल्यमने ग्लासगो विद्यापीठात नाव घातलं. पुढे तो केंब्रिजला गेला. तिथे १८४५ साली गणिताच्या परीक्षेत पहिला येणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, तर आला दुसरा! रँक हुकलेल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. तिथे नुसता अभ्यासच केला असंही नाही. होडी वल्हवण्याच्या शर्यतीत त्याने बक्षीस मिळवलं होतं.

१८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, थॉमसन ग्लासगोला प्रोफेसर झाले. आपल्यातले काहीजण त्या वयात केटी सोडवत असतात. ही खुर्ची त्यांनी तब्बल ५३ वर्षं सांभाळली. १८४८ साली त्यांनी ॲब्सोल्यूट तापमानाची कल्पना मांडली. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यांनी विद्यार्थ्यांना हाताने प्रयोग करायला लावले. त्या काळी प्रयोग प्रोफेसरने करायचा आणि पोरांनी बाकावर बसून बघायचा, अशी रीत होती. थॉमसन यांनी जुन्या खोल्यांत लॅब थाटली आणि पोरांना मोजमापाच्या कामाला जुंपलं. आपल्या प्रॅक्टिकलचं मूळ तिथे आहे, म्हणजे जर्नल लिहिण्याचं पापही थोडं त्यांच्याच माथी!

आता केबलकडे वळू. १८५६ मध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी समुद्राखालून टेलिग्राफची केबल टाकायला एक कंपनी निघाली. अंतर सुमारे दोन हजार मैल. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं इन्सुलेशन (हा एका झाडाचा चीक, गरम केला की मऊ होतो), आणि सगळ्यांवर लोखंडी तारांचं कवच. थॉमसन यांनी आधीच गणित मांडून दाखवलं होतं की अशी केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर आहे. लांबी दुप्पट केली तर सिग्नलला लागणारा वेळ चौपट होतो. उपाय काय, तर तांबं जाड घ्या, इन्सुलेशन जाड घ्या आणि दुसऱ्या टोकाला अगदी नाजूक मीटर ठेवा.

कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळचे सर्जन, पण विजेचे प्रयोग हौसेने केलेले. त्यांना हे गणित पटलं नाही. सिग्नल पोचत नसेल तर व्होल्टेज वाढवा, असा त्यांचा सरळ हिशोब. थॉमसन कंपनीचे संचालक झाले खरे, पण तोवर केबलचं माप ठरून ऑर्डर गेलेली होती. मग त्यांनी हातात होतं तेवढं केलं. तांब्याचे नमुने लॅबमध्ये आणून मोजले, तर दिसायला सारख्या तारांच्या कंडक्टिव्हिटीमध्ये मोठा फरक निघाला. त्यांनी आग्रह धरला की यापुढचा माल कारखान्यातच मोजून घ्यायचा, आणि तसं सुरूही झालं. विकत घेताना टेस्ट करा, हा नियम इथे रुजला.

१८५७ चा पहिला प्रयत्न केबल तुटून फसला. १८५८ साली उरलेली जुनी केबल आणि थोडी नवीन अशी जोडून पुन्हा मोहीम निघाली. जुनी केबल मधल्या काळात पडून होती, काही भागाला ऊन लागून गटापर्चा मऊ झालेलं होतं. वरून मात्र सगळं ठणठणीत दिसत होतं! व्हाइटहाउस तब्येतीचं कारण सांगून जहाजावर गेले नाहीत. त्यांच्या जागी थॉमसन एक पैसा न घेता गेले. वाटेत असं वादळ लागलं की जहाज उलटायचंच बाकी होतं. शेवटी ५ ऑगस्ट १८५८ रोजी केबल दोन्ही किनाऱ्यांना लागली.

थॉमसन यांचा मिरर गॅल्व्हॅनोमीटर या वेळी तयार होता. रेशमाच्या धाग्याला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेलं चुंबक, आणि आरशावरून परतून पट्टीवर पडणारा दिव्याचा झोत. करंट अगदी किंचित असला तरी प्रकाशाचा ठिपका सरकायचा. पण आयर्लंडच्या टोकाला व्हाइटहाउस यांनी आपली पाच फुटी इंडक्शन कॉइल जोडली आणि सुमारे दोन हजार व्होल्ट केबलमध्ये सोडले. इन्सुलेशन आधीच अशक्त होतं, त्याने मान टाकली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे पोचायला १६ तास लागले आणि सप्टेंबरमध्ये केबल कायमची गप्प झाली. लोकांचे पैसे बुडाले. ही केबल कधी चाललीच नव्हती, असंही काहीजण म्हणू लागले.

पुढे चौकशी समिती बसली. व्हाइटहाउस यांची नोकरी आधीच गेली होती. पण दोष त्या एकट्या माणसाचा नव्हता. केबल बनवताना, ठेवताना आणि टाकताना नीट टेस्टिंगच झालेलं नव्हतं. आणि टेस्टिंग करायचं तरी कशात? रेझिस्टन्सला तेव्हा सर्वमान्य युनिटच नव्हतं. अमुक इतके मैल तांब्याची तार, असं जो तो आपापल्या परीने सांगायचा. १८६१ साली थॉमसन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने युनिट ठरवायला समिती नेमली. तिच्या कामातून ओहम आला. ओहम नसता तर मेगोहम कुठला, आणि मेगर तरी कुठला?

१८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज नवी केबल घेऊन निघालं. थॉमसन पुन्हा जहाजावर, एक पाय अधू असूनही. काही वर्षांपूर्वी बर्फावर कर्लिंग खेळताना मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून ते लंगडत चालायचे. या वेळी केबल समुद्रात जात असतानाच इन्सुलेशनची टेस्ट सतत चालू होती. लोखंडी तारेचा एक तुकडा गटापर्चात घुसलेला या टेस्टमुळेच सापडला. बाराशे मैलांवर केबल तुटली ती मात्र ओढाताणीत. १८६६ साली नवी केबल पोचली, २७ जुलैला. शिवाय तुटलेलं टोकही समुद्रतळातून उचलून ती केबलही पुरी केली. त्यानंतर लॅटिमर क्लार्क यांनी दोन्ही केबली पलीकडे एकत्र जोडायला लावल्या आणि शिवणकामाच्या अंगुस्तानात बनवलेल्या बॅटरीवर सिग्नल पाठवून परत आणला. कुठे दोन हजार व्होल्ट आणि कुठे हे अंगुस्तान! याच ‘ग्रेट ईस्टर्न’ने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली, म्हणजे ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आलेली आहे.

थॉमसन १८६६ मध्ये ‘सर’ झाले, १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन. ते चुकले नाहीत असं नाही. पृथ्वीचं वय त्यांनी काही कोटी वर्षंच धरलं, आणि नायगाराच्या विजेसाठी एसीऐवजी डीसीची बाजू घेतली. १७ डिसेंबर १९०७ रोजी ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनजवळ त्यांना पुरलं.

असो. आता हे सगळं हॉस्टेलच्या मासिकात का? कारण दरवर्षी फायनल इयरचे दोन-चारजण सुट्टीत वायरिंगची कामं घेतात आणि जुन्या बाजारात मेगर बघायला जातात. नवा घेतला तर खिसा रिकामा, जुना घेतला तर भरवसा नाही! माझं मत असं, की जुना जरूर घ्या, पण १८५८ ची केबल घेतल्यासारखा घेऊ नका. वरची पेटी चकचकीत आहे म्हणून भुलू नका. लीड्स मोकळ्या ठेवून हँडल फिरवा, काटा इन्फिनिटीवर जायला हवा. लीड्स एकमेकींना टेकवल्या की शून्यावर. पण ही दोन टोकं बरोबर आली म्हणजे मधलं स्केल बरोबर असं नाही. म्हणून १ मेगोहमचे दहा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून सोबत न्या आणि १० मेगोहम दाखवतो का बघा. एकच छोटा रेझिस्टर नेलात तर ५०० व्होल्ट त्याला झेपणार नाहीत. लीड्सचं रबर तडकलेलं असेल तर मेगर लीड्सचंच लीकेज मोजत बसेल. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्टचा पुरे. २५०० चा स्वस्तात मिळतोय म्हणून उचललात, तर तुम्ही व्हाइटहाउस! टेस्टच्या आधी सप्लाय बंद करून खात्री करा, आणि टेस्टनंतर केबल डिस्चार्ज करायला विसरू नका. केबल म्हणजे कपॅसिटर, हे केल्व्हिनसाहेबांनी केव्हाच सांगून ठेवलंय. आणि नंतर कॅलिब्रेशन करून घ्या. ते परवडत नसेल, तर त्या मेगरच्या भरवशावर दुसऱ्याच्या घराला सर्टिफिकेट देऊ नका.

कारण चुकीचा मीटर हा मीटर नसण्यापेक्षा वाईट. मीटर नसेल तर आपण निदान घाबरून हात लावतो. खोटा मीटर असला की बिनधास्त लावतो. समुद्रात एक केबल गेली. आपल्या कामात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

पुढच्या वेळी लॅबमध्ये ती काळी पेटी उचलाल, तेव्हा हँडल फिरवायच्या आधी त्या लंगडत डेकवर फिरणाऱ्या प्रोफेसरांना एकदा आठवा. आणि हो, रीडिंग मित्राच्या जर्नलमधून उतरवू नका!