स्वरांचा सांधा : गायिका जेनी लिंड

गाणाऱ्या पुष्कळ भगिनींना एक अनुभव येतो. खालच्या स्वरांत आवाज भरदार लागतो. पण वर चढत गेले की एका ठिकाणी तो अडखळतो आणि त्यापुढे एकदम बारीक, पोकळ होतो. मग कोणी जोर लावून ओरडते, तर कोणी गाणेच सोडून देते. अशाच अडचणीतून, किंबहुना याहून कठीण प्रसंगातून, जी विसाव्या वर्षी गेली आणि तरून आली, त्या जेनी लिंडची ही हकीगत आहे.

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झाला. घरची स्थिती ओढगस्तीची. लहानगी जेनी खिडकीत बसून आपल्या मांजराला गाणी ऐकवीत असे. तिथल्या राजेशाही नाटकगृहातील एका नर्तकीच्या मोलकरणीच्या कानी ते सूर पडले. तिने मालकिणीला सांगितले आणि जेनी नाटकगृहाच्या शाळेत दाखल झाली. १८३८ साली वेबरच्या एका संगीत नाटकात तिने नायिकेचे काम केले व ती साऱ्या शहराची लाडकी झाली.

पण कीर्तीबरोबर कामाचा बोजाही वाढला. पद्धतशीर तालीम नव्हती, विश्रांती नव्हती. तीन वर्षांत गळा थकला, आवाज घोगरा झाला. १८४१ साली ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या नामांकित गुरूंकडे गेली. त्यांनी परीक्षा घेऊन आवाज संपल्याचे सांगितले. जेनीने धीर सोडला नाही. तेव्हा सहा आठवडे मुळीच गायचे नाही, बोलायचेही अगदी कमी, अशी अट घालून त्यांनी तिला पुन्हा यावयास सांगितले. गळ्यावरच जिचे पोट, तिने मौन पाळणे म्हणजे केवढी तपश्चर्या!

गार्सियांचा या विषयाचा अभ्यास दांडगा होता. पुढे छोट्या आरशाच्या साहाय्याने गाताना स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल त्यांनी पाहिली व १८५५ साली ती लंडनच्या विद्वानांपुढे मांडली. खालच्या स्वरांत स्वरतंतू आखूड व जाड राहून पूर्ण जाडीने कंप पावतात; वरच्या स्वरांत ते ताणून पातळ होतात व मुख्यतः कडाच थरथरतात. एक रीत सोडून दुसरी धरताना जो हिसका बसतो, तोच आवाजातील सांधा. खालचा जड आवाज जोराने वर रेटला, तर हिसका अधिकच जाणवतो व गळा शिणतो. म्हणून वर जाताना आवाज आधीपासून हलका करीत जावे, श्वास एकसारखा सोडावा, आणि सांध्याजवळचे स्वर दोन्ही रीतींनी घोटावेत.

सहा आठवड्यांनी शिकवणी सुरू झाली. नावाजलेली ही नटी नवशिक्या मुलीप्रमाणे सावकाश आरोह-अवरोह घोटू लागली. श्वास कोठे घ्यावा, हेही नव्याने शिकली. वर्षभराने, १८४२ साली, ती स्टॉकहोमला परतली, तेव्हा आवाज वरपासून खालपर्यंत सहज फिरू लागला होता. मधल्या काही स्वरांवर मात्र पूर्वीच्या अतिश्रमाची किंचित झाकोळ राहिली, असे जाणकार म्हणत. झालेली इजा समूळ जात नाही, हेही त्यावरून ध्यानी घ्यावे.

१८४७ साली लंडनने तिला डोक्यावर घेतले. १८४९ साली तिने संगीत नाटकांतून निवृत्ती घेतली. पण जलशांतून ती गात राहिली. १८५० ते १८५२ या काळात अमेरिकेत जलसे करून मिळवलेल्या पैशाचा मोठा भाग तिने शाळा व इतर लोकोपयोगी कामांना दिला. तेथेच १८५२ साली पियानोवादक ओटो गोल्डश्मिट यांच्याशी तिचा विवाह झाला. १८८३ साली लंडनच्या नव्या संगीत महाविद्यालयात ती गायनाची अध्यापिका झाली. २ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडमध्ये तिचे निधन झाले.

भजन असो, भावगीत असो वा अंगाईगीत. आवाज अडला, तर त्यावर जबरदस्ती करू नये. त्याला विसावा द्यावा आणि हलक्या हाताने पुन्हा मेहनतीस लागावे. जेनीच्या चरित्रातून आपण एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.