महागडा सीडी प्लेयर आणि हॅरी नायक्विस्ट

मित्राकडे दोन सीडी प्लेयर ऐकले. एक साधा, दुसरा चक्क बाईकच्या किमतीचा. आवाज सारखा ठेवून डोळे मिटले, तर फरकच सांगता येईना! मग साठवलेले पैसे घालू कशाला? उत्तर शोधताना हॅरी नायक्विस्ट भेटले. जन्म १८८९, स्वीडन. १९०७ मध्ये अमेरिकेत आले, १९१७ मध्ये येलमधून डॉक्टरेट, मग टेलिफोन कंपनीत नोकरी. १९२८ मध्ये त्यांनी तारयंत्राचं गणित मांडलं. पुढे त्यातूनच नियम आला: जेवढी वरची फ्रिक्वेन्सी पकडायची, तिच्या दुपटीहून जास्त नमुने दर सेकंदाला घ्या. आपला कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने. स्वस्त प्लेयरही तेच वाचतो की! सीडी १९८२ मध्ये आली; नायक्विस्ट १९७६ मध्येच गेले होते. मी साधाच प्लेयर घेतला. उरलेल्या पैशांत चांगला हेडफोन.