आकाश मोजणाऱ्या ॲना मणी

मी कॉन्व्हेंटची, माझ्या मराठीला जरा सांभाळून घ्या. मला कॉम्प्युटर ब्रँच हवी होती, मिळाली इन्स्ट्रुमेंटेशन. पहिलं वर्ष रडण्यातच गेलं. मग एक दिवस लायब्ररीत ॲना मणी भेटल्या.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर या मुलीने त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी हिरे-माणकांवर संशोधन केलं. १९४५ मध्ये प्रबंध दिला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. त्याच वर्षी त्या फिजिक्ससाठी इंग्लंडला निघाल्या. शिष्यवृत्ती मात्र होती फक्त हवामानाच्या उपकरणांसाठी. म्हणजे त्यांनाही हवी ती ब्रँच मिळाली नाहीच!

१९४८ मध्ये परतून त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा बरीचशी उपकरणं परदेशातून यायची. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली आणि ती इथेच बनवायला घेतली. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी, असं त्यांचं ठाम मत होतं. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशात ठिकठिकाणी सौरप्रारण मोजणारी केंद्रं उभारली. १९७६ मध्ये निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. भारतातल्या सौरप्रारणावरचे त्यांचे ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये आले. पुढे सातशेहून जास्त ठिकाणच्या वाऱ्याची मोजणी झाली. सोलर पॅनल किती लावायचे, पवनचक्की कुठे उभारायची, हे अशाच आकड्यांवर ठरतं. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्या गेल्या.

आमच्या दारव्ह्याकडे कापूस पावसाच्या भरवशावर. एका वर्षी पहिल्या पावसावर बाबांनी पेरलं आणि पावसाने दडी मारली. दुबार पेरणीला बियाण्याचे पैसे उसने आणावे लागले. आईचा चेहरा अजून आठवतो. अंदाज म्हणजे नुसतं कॉम्प्युटरचं काम, असं मला वाटायचं. पण कॉम्प्युटरला आकडे देतं कोण? पर्जन्यमापक, थर्मामीटर, म्हणजे माझीच ब्रँच की!

खरं सांगते, कॅलिब्रेशनच्या प्रॅक्टिकलला मी मैत्रिणीची रीडिंग्ज छापायचे. होस्टेलवर कोण नाही छापत? या टर्मपासून मात्र माझी मीच घेते. चुकली तर चुकली, पुन्हा घेते.