लोकनिंदा, लोकस्तुती आणि साने गुरुजी

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी आपल्या प्रिय भक्ताची जी लक्षणे निरूपिली आहेत, त्यांत निंदा व स्तुती यांना समान लेखणे हे एक आहे. वाचावयास हे लक्षण सोपे वाटते. आचरणात मात्र ते जीवाची कशी कसोटी पाहते, हे जाणण्यासाठी आपल्या खानदेशच्या भूमीत वावरलेल्या पांडुरंग सदाशिव साने यांचे चरित्र पाहावे.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. शिक्षणानंतर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले व १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयही त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे ही कामे ते स्वतः करीत. शिक्षकाच्या प्रतिष्ठेस हे शोभते की नाही, हा विचार त्यांना शिवला नाही. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या कारागृहात होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ती अठराही प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच ती आज आपल्या हाती आहेत. स्वतः प्रतिभावान लेखक असून दुसऱ्याच्या वाणीचे केवळ लेखक होऊन बसणे, यालाही अंगी निरहंकारिता लागते.

खरी परीक्षा पुढे १९४७ मध्ये आली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे, म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. तेथील उपासना हा आपल्या पंथाचा मार्ग नव्हे. तथापि देवाच्या दारी जीवाजीवांत भेद नसावा, हा विषय सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या अनुयायांस परका नाही. सनातनी मंडळींनी गुरुजींची उघड निर्भर्त्सना केली. ती त्यांनी सोसली; विरोधकांची निंदा सोसणे त्यामानाने सोपेच असते. परंतु ज्या महात्मा गांधींना ते परमपूज्य मानीत, त्यांनीही अपुऱ्या माहितीवरून उपोषण सोडावे अशी तार केली. आपल्या पूज्य पुरुषाची नापसंती ही परक्याच्या शंभर शिव्यांहून जड असते. गुरुजी मनाने अतिशय हळवे, डोळ्यांत पाणी यावयास त्यांना वेळ लागत नसे. तरीही त्यांनी उपोषण सोडले नाही.

येथे कोणी विचारील की, याला निष्ठा म्हणावे की हट्ट? प्रश्न रास्त आहे. हट्टी मनुष्य दुसऱ्यावर रागावतो. गुरुजींनी बडव्यांविषयी द्वेष धरला नाही, गांधींविषयी आदर उणा होऊ दिला नाही, आणि क्लेश दिला तो केवळ स्वतःच्या देहाला. १० मे रोजी मंदिर खुले होण्याची निश्चिती झाली, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडले.

पुढील वर्षी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. त्या शेवटाविषयी शास्त्राचा निवाडा कठोर आहे, हे साधकांस ठाऊक आहेच. परंतु जो जीव लोकांची निंदा पचवू शकला, त्याला लोकांचे दुःख मात्र पचविता आले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.