आर्चिबाल्ड हिल : स्नायूंची उधारी मोजणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रांनो, मैदानाला एक जोरात फेरी मारून थांबा. पाय थांबतात, पण धाप काही लगेच थांबत नाही. काम संपलं, मग शरीर अजून एवढी हवा का ओढतं? या साध्या प्रश्नामागे लागलेल्या एका शास्त्रज्ञाची ओळख आज करून घेऊया.

आर्चिबाल्ड विवियन हिल यांचा जन्म 26 सप्टेंबर 1886 रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आईने मुलांना वाढवले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात हिल गणित शिकले आणि त्यात चमकले. पण त्यांचे शिक्षक वॉल्टर फ्लेचर यांनी त्यांना शरीरक्रियाशास्त्राकडे वळवले. गणिती माणूस बेडकाच्या स्नायूंकडे वळला, तो असा!

आता प्रयोग कसा होता ते बघा. बेडकाच्या पायाचा स्नायू शरीराबाहेर काढला तरी काही तास जिवंत राहतो. त्याला विजेचा हलका झटका दिला की तो आकसतो. झटका केव्हा द्यायचा, किती वेळ द्यायचा, हे सगळं आपल्या हातात. म्हणून मोजमाप नेमकं होतं. आकसताना स्नायू थोडा तापतो, पण किती? अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका. एवढी सूक्ष्म उष्णता टिपण्यासाठी हिल यांनी नाजूक उपकरणे वापरली.

1913 मध्ये त्यांना महत्त्वाची गोष्ट आढळली. झटका थांबल्यावरही स्नायू कित्येक मिनिटे उष्णता देत राहतो. मात्र तोच स्नायू ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनमध्ये ठेवला, तर तो आकसतो खरा, पण नंतरची ही उष्णता जवळजवळ दिसत नाही. म्हणजे काय? आकसण्याच्या क्षणी ऑक्सिजन लागतोच असं नाही. तो लागतो नंतर, झालेली झीज भरून काढायला. जणू स्नायू आधी उधारीवर काम करतो आणि मग ऑक्सिजन घेऊन ती फेडतो.

या कामासाठी 1922 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीच्या ओटो मायरहोफ यांच्यासोबत मिळाले.

त्याच सुमारास मँचेस्टरला ते बेडकाकडून माणसाकडे आले. पाठीवर हवा साठवायची पिशवी बांधून ते स्वतः धावले! मिनिटाला सुमारे 4 लिटर ऑक्सिजन, यापुढे त्यांचे शरीर जाईना. वेग वाढवला की उरलेला भार उधारीवर. यालाच त्यांनी ‘ऑक्सिजनचे ऋण’ म्हटले. तुमची धाप म्हणजे त्या फेडीचाच भाग.

पण गोष्ट इथे संपत नाही. स्नायू लॅक्टिक आम्लाच्या जोरावर आकसतो, असे तेव्हा हिल मानत होते. 1930 मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी दाखवले की हे आम्ल तयार न होताही स्नायू आकसतो. नोबेल मिळालेला माणूस अडून बसू शकला असता. हिल अडून बसले नाहीत. त्यांनी नवा पुरावा जाहीरपणे मान्य केला. ऋणाचा हिशेबही पुढे बदलला. धाप केवळ आम्लामुळे लागत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. तरी त्यांची मोजणी टिकली, कारण ती प्रामाणिक होती.

प्रयोगशाळेबाहेरही ते तसेच होते. 1933 पासून हिटलरच्या छळामुळे जर्मनी सोडाव्या लागलेल्या शास्त्रज्ञांना आधार देण्यात त्यांनी पुढाकार घेतला. लाइपझिगहून आलेले तरुण बर्नार्ड काट्झ त्यांच्याच प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे 1970 मध्ये काट्झ यांनाही नोबेल मिळाले. 1943-44 मध्ये हिल भारतात आले होते आणि इथल्या विज्ञान संशोधनाविषयी त्यांनी अहवाल दिला. 3 जून 1977 रोजी त्यांचे निधन झाले.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी धावून धाप लागली की घाबरू नका. घड्याळ घ्या आणि श्वास पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागतात ते वहीत लिहा. हिल यांचीही सुरुवात मोजण्यापासूनच झाली होती. आणि हो, नवा पुरावा समोर आला की आपलं मत बदलायला लाजू नका!