क्लॅरेन्स बर्ड्सआय : थंडीपेक्षा वेग महत्त्वाचा

अमेरिकेतील अनेक कुटुंबे अर्ध्या किंवा पाव जनावराचे गोमांस थेट पशुपालकाकडून घेतात आणि घरच्या फ्रीझरमध्ये भरून ठेवतात. पाव भाग म्हटला तरी चाळीस-पन्नास किलो मांस होते आणि ते कित्येक महिने पुरते. पण महिन्यांनंतर बाहेर काढलेले मांस रसरशीत निघेल की पाणी सुटून चोथा होईल, हे बऱ्याच अंशी गोठवण्याच्या पहिल्या काही तासांत ठरते. शंभर वर्षांपूर्वी हे ओळखून त्यावर ज्याने उद्योग उभा केला, तो ना डॉक्टर होता, ना पदवीधर शास्त्रज्ञ. त्याचे नाव क्लॅरेन्स बर्ड्सआय.

९ डिसेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याचा जन्म झाला. प्राणी, पक्षी आणि कीटकांचे त्याला लहानपणापासून वेड. ॲमहर्स्ट कॉलेजात त्याने प्रवेश घेतला, पण पैशांअभावी शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मग सरकारी कृषी खात्यात निसर्ग-सर्वेक्षणाचे काम मिळाले. मोंटाना राज्यात त्या काळी ‘रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर’ या तापाने माणसे दगावत होती. हा ताप गोचिडींमार्फत पसरतो. त्या संशोधनासाठी बर्ड्सआयने शेकडो लहान प्राणी पकडून दिले. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करणे हे जोखमीचे काम होते, कारण त्या तापावर तेव्हा औषध नव्हते.

१९१२ मध्ये तो कॅनडाच्या ईशान्येकडील लॅब्रॅडोरला गेला. कारण होते कोल्ह्यांच्या कातडीचा व्यापार. पुढे पत्नी एलिनॉर आणि तान्हे मूलही तिथे राहायला आले. लांबलचक हिवाळ्यात ताजे अन्न मिळवणे ही घरातली रोजची विवंचना होती. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे पकडत. उणे ४० अंशांच्या वाऱ्यात मासा बाहेर काढताच कडक होई आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. इन्युइटांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. बर्ड्सआयने त्यात आणखी एक गोष्ट हेरली. ऐन हिवाळ्यात गोठलेले मांस उत्तम लागते, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी, सौम्य थंडीत गोठलेले तेच मांस बेचव आणि पिचपिचीत होते. गोठलेले दोन्ही, मग फरक कशाचा?

फरक वेगाचा होता. मांसात बहुतांश पाणीच असते. ते साधारण उणे १ ते उणे ५ अंशांच्या दरम्यान बर्फ होऊ लागते. या टप्प्यात मांस जितका वेळ रेंगाळते, तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींची पटले फाडतात. नंतर बर्फ सुटला की पेशींतला रस वाहून जातो आणि उरतो तो चिवट चोथा. हाच टप्पा झपाट्याने ओलांडला, तर स्फटिक अगदी बारीक राहतात आणि पेशींची हानी कमी होते.

अमेरिकेत परतल्यावर त्याने लॅब्रॅडोरची ती थंडी यंत्रात आणण्याचा ध्यास घेतला. १९२३ मध्ये मासे गोठवून विकण्याची पहिली कंपनी काढली, पण ती वर्षभरात बुडाली. गोठवलेल्या अन्नाची ख्यातीच तेव्हा वाईट होती. त्याने हार मानली नाही. मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी नवी कंपनी उभी केली. तिथे त्याने अन्नाच्या पातळ, चपट्या पेट्या अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये दोन्ही बाजूंनी दाबून गोठवण्याचे यंत्र घडवले. जाडी कमी आणि थंड धातूचा थेट स्पर्श, त्यामुळे थंडी आतपर्यंत लवकर पोहोचे. माशांपाठोपाठ मांस, फळे आणि भाज्याही याच पद्धतीने गोठू लागल्या.

१९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळण्याच्या काही महिने आधी, हा व्यवसाय २ कोटी २० लाख डॉलरना विकला गेला. मार्च १९३० मध्ये स्प्रिंगफील्ड शहरातील दुकानांत हे पदार्थ प्रथम विक्रीस आले. त्यात मांसाचे अनेक प्रकार होते. मात्र ना दुकानांत योग्य फ्रीझर होते, ना घरांत. त्यामुळे खप हळूहळूच वाढला. पुढे अमेरिकेच्या गावोगावी सार्वजनिक शीतगृहे निघाली. शेतकरी कुटुंबे तिथे खण भाड्याने घेऊन मांस ठेवत. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रीझर घरातच आला आणि मांसाची घाऊक खरेदीही घरोघरी पोहोचली.

बर्ड्सआय शेवटपर्यंत नवनवे प्रयोग करत राहिला. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात त्याची रक्षा विसर्जित करण्यात आली.

त्याचा धडा मात्र घरच्या फ्रीझरपाशी हमखास विसरला जातो. घरचा फ्रीझर गोठलेले टिकवण्यात पटाईत असतो, पण गोठवण्यात संथ. त्यात एकाच दिवशी चाळीस किलो ताजे मांस कोंबले, तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. तेवढ्यात जिवाणू वाढू शकतात आणि स्फटिकही मोठे होतात. म्हणून फ्रीझरच्या दर घनफुटामागे एका दिवसात साधारण एक ते सव्वा किलोच नवे मांस ठेवावे. एका वेळेला लागेल एवढ्याच मांसाची पातळ, चपटी आणि हवाबंद पाकिटे करावीत. ती थर न लावता सुटी ठेवावीत आणि गोठल्यावरच एकमेकांवर रचावीत. प्रत्येकावर तारीख लिहावी. तापमान उणे १८ अंश असावे. खिमा तीन-चार महिन्यांत संपवावा, मोठे तुकडे वर्षभरापर्यंत चालतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गोठवल्याने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. बर्फ सुटला की पुन्हा वाढू लागतात. म्हणून गोठलेले मांस ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच सुटे करावे आणि नीट शिजवावे. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, तर अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. मासे असोत, मटण असो वा मटार, नियम सगळ्यांना हाच. बर्ड्सआय गोठवण्यासाठी ताजा माल घेण्यावर भर देई, तो याचसाठी. जे आत जाते तेच बाहेर येते, शिळ्याला ताजे करण्याची किमया कोणत्याही फ्रीझरमध्ये नाही.